बाकावरचं नाव

(संत गाडगेबाबांच्या स्मृतिदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सभागृहाचं दार उघडायला अवकाश होता, म्हणून मी बाहेर रस्त्याकडेच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. डिसेंबरातलं ऊन, बरं वाटत होतं. टेकायला गेलो तर पाठीला काही टोचलं. वळून पाहिलं तर उठावाची अक्षरं. एका माजी नगरसेवकांचं नाव, त्याखाली 'यांच्या विकासनिधीतून', आणि त्याखाली कुणीतरी खरवडून काढलेलं निवडणूक चिन्ह. नाव मी सांगत नाही. तुमच्या रस्त्यावरच्या बाकावर दुसरं नाव असेल, एवढाच फरक.

आज २० डिसेंबर. १९५६ साली याच दिवशी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या काठी गाडगेबाबा गेले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई, जिथे गोरगरिबाला रात्री पाठ टेकायला जागा मिळत नव्हती तिथे या माणसाने धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांपैकी एकीतही मालक म्हणून राहिला नाही. आपल्या नातेवाइकांचा तिथे हक्क लागणार नाही, याची तजवीजही करून ठेवली. दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. ती जागा कुणी दिली, पैसे कुणी घातले, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

बाबांनी लोकांचा पैसा लोकांसाठी लावला आणि नाव मागे ठेवलं. बाकावरही पैसा लोकांचाच आहे, घरपट्टीतून आलेला, पण नाव पुढे आलं आहे. आजचा माझा विषय या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. मी काही विचारवंत नाही. आयुष्यातली एकतीस वर्षं मी नगरपालिकांच्या लेखा विभागात काढली. वस्तीसुधारणेचा आणि तरुणांच्या कार्यक्रमांचा पैसा माझ्या टेबलावरून गेला. तो कुठे अडला आणि कुठे सांडला, हे मी जवळून पाहिलं आहे. काही वेळा अडवणारा हात माझाच होता.

आधी पैशाच्या वाटा पाहू. आपल्या गल्लीपर्यंत सरकारी पैसा बऱ्याच वाटांनी येतो. महापालिकेत नगरसेवकाच्या शिफारशीने होणारी कामं असतात. पुण्यात त्याला 'स यादी' म्हणतात. आमदार निधी आहे. खासदार निधी १९९३ च्या डिसेंबरात जाहीर झाला. पहिल्या वर्षी खासदारामागे पाच लाख होते, पुढच्याच वर्षी ते एक कोटी झाले, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून पाच कोटी. जिल्हा नियोजन समितीचा पैसा वेगळा, दलित वस्ती सुधारणेचा वेगळा, वित्त आयोगाचा वेगळा. अंदाजपत्रकातला पाच टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी राखायचा, पाच टक्के दिव्यांगांसाठी. कागदावर पाहिलं तर गल्लीच्या तोंडाशी सात-आठ नळ येऊन थांबले आहेत. पाणी मात्र एकाच हौदात पडतं, आणि त्या हौदाचं नाव पेव्हर ब्लॉक.

हे असं का होतं? ठेकेदार, टक्केवारी ही उत्तरं आपल्या जिभेवर तयार असतात, आणि ती खोटी आहेत असं लेखा विभागात काम केलेला माणूस तरी म्हणणार नाही. पण नगरसेवक प्रामाणिक, अभियंता प्रामाणिक, ठेकेदारसुद्धा देवमाणूस असं धरलं, तरी पेव्हर ब्लॉकच बसतात. त्याचं कारण हिशेबाच्या वहीत आहे, आणि ते समजून घेण्यासाठी मला तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागेल.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका नगरपालिकेत लेखापाल होतो. एके दुपारी एका तरुण मंडळाची पाच-सहा पोरं आली. मंडळ म्हटल्यावर मी मनातल्या मनात वर्गणीची पावती मोजायला लागलो. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "साहेब, पैसे नकोत. नगरपालिकेच्या शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं ठेवा." शाळा साडेपाचला सुटायची आणि फाटकाला कुलूप लागायचं. पोरं मग चौकात, पानटपरीपाशी. मैदान उघडं ठेवायचं म्हणजे तीन तासांसाठी एक माणूस हवा, दोन दिवे हवेत, त्यांचं बिल भरायला हवं. वस्तीत एक निवृत्त गिरणी कामगार होते, जुने कबड्डीपटू. जुजबी मानधनावर ते पोरांना शिकवायला तयार होते. सगळं मिळून वर्षाचा खर्च एका बोअरवेलपेक्षा कमी होता.

मी टिपण लिहिलं: 'सदर खर्च महसुली स्वरूपाचा असून त्यासाठी तरतूद उपलब्ध नाही.' वाक्य बिनचूक होतं. मुख्याधिकाऱ्यांनी सही केली. पोरं परत गेली.

त्याच वर्षी मार्चअखेर जवळ आली, एका लेखाशीर्षाखाली पैसे उरले, आणि त्या वस्तीसाठी ओपन जिम खरेदी झाली. आठ यंत्रं, निळा-पिवळा रंग, फलक, नारळ. त्यालाही टिपण मीच लिहिलं. तोही खर्च बिनचूक होता, कारण तो भांडवली होता. दोन पावसाळ्यांनी बेअरिंग धरले, एक पेडल तुटलं. दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडे आला. मी पुन्हा तेच वाक्य लिहिलं, कारण यंत्र घेणं भांडवली आणि तेच यंत्र दुरुस्त करणं महसुली.

मित्रहो, माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं सार या तीन टिपणांत आहे. आपली व्यवस्था वस्तू विकत घेऊ शकते, माणूस ठेवू शकत नाही. वस्तूला मोजमाप पुस्तकात नोंदता येतं, लांबी गुणिले रुंदी. तिचं पूर्वगणनपत्रक होतं, निविदा निघते, देयक निघतं, उद्घाटन होतं. संध्याकाळी सहा ते नऊ फाटक उघडून पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाची लांबी-रुंदी कशी लिहिणार? आणि तरुणांसाठीचा जवळजवळ प्रत्येक चांगला उपक्रम माणसावर चालतो.

हा दोष एका गावच्या नगरपालिकेचा नाही. वर दिल्लीपर्यंत पाहा. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना जे अनुदान दिलं, त्यातला ६० टक्के भाग बंधित ठेवला, पाणी आणि स्वच्छता यांसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावा. पण त्या अबंधित पैशालाही एक अट होती: वेतन आणि आस्थापना यांवर तो खर्च करायचा नाही. 'अबंधित' या शब्दाला लावलेलं हे एकच कुलूप, आणि ते नेमकं माणसाच्या दारावर.

अट घालणारे वेडे नव्हते, हेही सांगायला हवं. ही अट नसती तर कित्येक ठिकाणी सगळं अनुदान पगारात गेलं असतं. आधी पुतण्या लागला असता, मग मेहुणा. मी अशा नेमणुका पाहिल्या आहेत. म्हणून वेतनावर बंदी. पण रोग होतो म्हणून आपण अन्नच बंद केलं. कायम नेमणूक आणि ठरावीक तासांचं मानधन यांत फरक असतो, आणि तो फरक करायला हिशेबाच्या वहीत एक रकाना पुरतो. तो रकाना आखायचं आपण टाळलं.

ज्या ठिकाणी माणसाला पैसे द्यायची सोय आहे, तिथे आपण किती देतो तेही पाहा. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्या आधारावर गावोगावची शासनमान्य वाचनालयं उभी आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. एकूण अकरा-बारा हजार. गावातल्या पोराला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक, वर्तमानपत्र आणि टेकायला एक टेबल मिळतं ते बहुतेक इथेच. यांतल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला कैक वर्षं वर्षाकाठी ३० हजार रुपये अनुदान मिळत होतं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरायचा. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला साडेबाराशे रुपये. अलीकडे अनुदान वाढलं, त्यासाठी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं जोडे झिजवले. पण गणित तेच राहिलं. इमारतीला आमदार निधी मिळतो, दार उघडणाऱ्याला मिळत नाही. म्हणून पुष्कळ गावांत वाचनालयाची इमारत नवी असते आणि वेळ मात्र संध्याकाळी पाच ते सात, तीही ग्रंथपालाच्या शेतीचं काम आटोपलं तर.

आता उलट बाजू. वस्तीतल्या तरुणांचं संघटन जिथे पिढ्यान् पिढ्या टिकलं, त्या कोल्हापूरकडे पाहू. तिथल्या पेठा तालमींच्या नावाने ओळखल्या जातात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, मल्ल सांभाळले, खासबागचं मैदान उभारलं. आजच्या भाषेत सांगायचं तर तेही युवक कार्यक्रमाला दिलेलं सरकारी अनुदानच. पण महाराजांनी मैदान बांधून हात झटकले नाहीत. पैलवानाच्या खुराकाचा खर्च, वस्तादाची सोय, हे दरबाराच्या खर्चात धरलेलं होतं. आज अनेक तालमींत हौदा ओस पडला असेल, पण त्याच तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं घेतली की पेठ उभी राहते. पोरं लहानपणापासून त्या रंगाचा शर्ट घालायचं स्वप्न पाहतात. इथे ईर्षा आहे, कधी हाणामारीही होते, मी त्याचं सोवळं चित्र रंगवत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी माणसावर केलेल्या खर्चाचं व्याज त्या शहराला अजून मिळतं आहे. तालमीची लाल माती कुठेही टाकता येते. वस्ताद नसेल तर तिच्यात फक्त मांजरं लोळतात.

दुसरा प्रश्न: ठरवतो कोण? काय हवं हे वस्तीने ठरवावं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही आणि परकीही नाही. ग्रामसभा कायद्यात आहे, वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. त्याही पुढचं पाऊल पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास टाकलं. नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ मध्ये जो प्रयोग केला, त्याचं हे आपल्या मातीतलं रोपटं.

पद्धत सोपी आहे. साधारण पावसाळ्याच्या शेवटी महापालिका अर्ज मागवते. कुणीही नागरिक क्षेत्रीय कार्यालयात जाऊन किंवा संगणकावरून एक पानी अर्ज भरतो: अमुक चौकात पदपथ तुटला आहे, तमुक बागेत दिवे नाहीत, बसथांब्याला छत हवं. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. अभियंता जागा पाहतो, खर्च काढतो, प्रभाग समितीत ते मांडलं जातं, आणि मंजूर कामं पुढल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतात. देशात फार थोड्या शहरांनी असं काही इतकी वर्षं चालवलं आहे. पुणेकरांनी त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण अभिमानाबरोबर अर्जावरचे रकानेही वाचा. पदपथ, दिवे, बाक, थांबा, बाग, स्वच्छतागृह. सगळ्या वस्तू. मैदानावर माणूस मागायचा असेल तर कुठल्या रकान्यात लिहायचं? शिवाय पुण्याच्या महापालिकेत एक शब्द आहे, वर्गीकरण. तो फार निरुपद्रवी वाटतो. एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणं, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या चौकातल्या दिव्यांसाठी पैसे ठेवलेले असतात, काम सुरू व्हायला उशीर होतो, जानेवारी-फेब्रुवारीत कुणालातरी दुसरीकडे रस्ता करायचा असतो, आणि वर्गीकरणाच्या एका ठरावाने तुमचे दिवे तिकडच्या डांबरात मिसळतात. नागरिकाला कुणी कळवत नाही. तो पुढच्या वर्षी अर्ज भरायचा थांबतो, आणि मग आपण म्हणतो, लोकांना उत्साहच नाही.

त्यातून २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार राहिला. बाकावरच्या नावांना मी नाकं मुरडली खरी, पण नावच नसलं की काय होतं तेही या काळात दिसलं. तक्रार घेऊन जायला दार राहिलं नाही. नगरसेवकाला भर चौकात जाब विचारता येतो. प्रशासकाचा चौक कुठला? तेव्हा माझं भांडण नगरसेवकाशी नाही. त्याच्या नावासोबत जी बाकीची माहिती असायला हवी ती गाळली जाते, याच्याशी आहे. खासदार निधीच्या नियमांत फलक लावायला सांगितलं आहे, आणि त्यावर खासदाराच्या नावाबरोबर कामाचा खर्च, सुरू झाल्याची आणि पूर्ण झाल्याची तारीख लिहायची आहे. रस्त्यावरचे फलक पाहा. नाव हातभर, खर्च बोटभर, तारीख चुन्यात गडप.

तिसरा प्रश्न: वस्तीने काय द्यायचं? गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे. दिवसभर गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तन. लोक लाजून का होईना झाडू घ्यायचे. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा त्यांनी बाबांचं नाव तर घेतलंच, त्याबरोबर बाबांचा क्रमही उचलला. हे अनुदान नव्हतं, बक्षीस होतं. आधी गावाने राबायचं, मग समिती येऊन पाहणार, मग पैसा. बक्षीस मोजक्याच गावांना मिळालं, पण झाडू हजारो गावांनी उचलला. सरकारने घातलेल्या रुपयापेक्षा गावांनी घातलेला रुपया आणि घाम मोठा होता.

हीच अक्कल सातासमुद्रापार अमेरिकेच्या सिॲटल शहराने १९८८ मध्ये वापरली. वस्तीने अर्ज करायचा, शहर पैसे देणार, पण वस्तीनेही तेवढ्याच किमतीचं काही घालायचं. रोख रक्कम चालेल, सामान चालेल, आणि श्रमाचे ताससुद्धा दर लावून हिशेबात धरले जातील. ही शेवटची अट महत्त्वाची. घाम वहीत जमेच्या बाजूला लिहिला जातो. तिथल्या एका पुलाखाली अंधार आणि कचरा होता. फ्रीमाँट वस्तीने या निधीच्या मदतीने १९९० मध्ये तिथे सिमेंटचा अठरा फुटी राक्षस उभा केला, हातात खरीखुरी फोक्सवॅगन गाडी चिरडत असलेला. कुठल्या अभियंत्याच्या पूर्वगणनपत्रकात राक्षस आला असता? वस्तीला विचारलं म्हणून तो आला. आज मुलं त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात आणि पर्यटक फोटो काढतात.

मात्र लोकसहभाग हा शब्द उच्चारताना जीभ जरा आवरायला हवी. मुंबईत १९९७ पासून महापालिकेने नागरिकांच्या गटांना सोबत घेऊन एएलएम नावाची व्यवस्था राबवली. सोसायट्यांचे रहिवासी एकत्र येतात, कचरा वेगळा करतात, रस्त्यावर लक्ष ठेवतात. चांगलं काम. त्याच शहरात झोपडपट्ट्यांसाठी दत्तक वस्ती योजना आली. स्थानिक संस्थेला पैसे द्यायचे आणि तिने वस्तीतल्याच मुलांकडून, बायकांकडून सफाई करून घ्यायची. पुढे योजनेचं नाव बदललं, पद्धत राहिली. वस्तीत पैसा आला, काही ठिकाणी तरुणांना पहिलं काम मिळालं, हे खरं. पण मानधन इतकं तुटपुंजं होतं की हे सफाई कामगाराचं काम किमान वेतनाखाली करून घेणं आहे, अशी टीका कामगार संघटनांनी केली. मला ती रास्त वाटते. सोसायटीतल्या माणसाने रविवारी झाडू धरला की तो सहभाग होतो, आणि झोपडपट्टीतल्या पोराने रोज धरला की तो स्वस्त मजूर. लोकवर्गणी मागायची तर आधी ऐपत पाहावी लागते. ज्या बाईचा दिवस पाण्याच्या रांगेत जातो, तिच्याकडून श्रमदानाचे तास मागणं ही लोकशाही नव्हे, दुप्पट कर आहे. बाबांच्या झाडूचा अर्थ सफाईवरचा खर्च वाचवणं असा लावणाऱ्याला बाबा कळले नाहीत.

आता एवढं दोष दाखवल्यावर काय करावं हेही सांगायला हवं, नाहीतर निवृत्त कारकुनाची ही कुरकुर ठरेल. मोठ्या कायद्याची मी वाट पाहत नाही. मी तीन गोष्टी मागतो, आणि तिन्ही ठरावाने होण्यासारख्या आहेत.

एक, माणसाचा रकाना. महापालिकेचा असो वा ग्रामपंचायतीचा, वस्तीसाठीच्या स्वतःच्या प्रत्येक लहान निधीत एक ठरावीक भाग मानधनासाठी राखावा. कायम नोकरी नाही, ठरावीक तास, ठरावीक मुदत, आणि दर वर्षी वस्तीसमोर नूतनीकरण. मैदानाचा राखणदार, कबड्डीचा शिक्षक, अभ्यासिकेतला ताई-दादा, वाचनालयाचा ग्रंथपाल. पुतण्या लागेल ही भीती असेल तर नाव प्रभाग समितीत किंवा ग्रामसभेत उघडपणे वाचून दाखवा. वस्तीला पुतणे ओळखता येतात.

दोन, वर्गीकरणाची चिठ्ठी. नागरिकाच्या अर्जावरून मंजूर झालेलं काम वळवायचं असेल, तर त्या नागरिकाला आणि त्या प्रभागाला आधी लेखी कळवायचं, कारणासह. पैसे वळवायला माझी बंदी नाही. पुरामध्ये, साथीत वळवावे लागतात. पण गुपचूप नको.

तीन, बाक. नाव राहू दे, मी त्याच्या आड येत नाही. पण नावाच्याच आकाराच्या अक्षरांत चार गोष्टी लिहा: खर्च किती, कुठल्या निधीतून, काम कुणी केलं, आणि दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत. हा शेवटचा शब्द फार थोड्या नागरिकांना माहीत असतो. काम झाल्यावर ठरावीक काळापर्यंत त्यात बिघाड झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. माझ्या त्या ओपन जिमचं पेडल त्या मुदतीत तुटलं असतं आणि पोरांना ती तारीख फलकावर दिसली असती, तर माझं ते तिसरं टिपण लिहायची वेळच आली नसती.

आणि ही माहिती फलकावर नसेल, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्यात कागद मागता येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कायद्यात चालू कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा नमुना घ्यायचाही हक्क आहे. कॉलेजातल्या चार पोरांनी आपल्या वॉर्डातल्या एका कामाचं मोजमाप पुस्तक मागवून, टेप लावून रस्ता मोजावा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास कुठल्या शाळेत होत नाही. युवक कार्यक्रम म्हणतात तो हाच, आणि त्याला अनुदान लागत नाही.

ती पाच-सहा पोरं आता तिशी ओलांडलेली असतील. त्यांच्यातला एक मध्यंतरी बाजारात भेटला. मला ओळखलं, "काय साहेब" म्हणाला, चहा पाजला. मैदानाचं काय झालं, असं मी विचारलं. म्हणाला, कुलूप नवीन आलंय. तो हसला, मला हसता आलं नाही. त्यानंतर मी ठरवलं की बोलायची संधी मिळेल तिथे ही गोष्ट सांगायची, माझ्या टिपणांसकट.

बाबा कीर्तन संपलं की सत्काराला थांबत नसत, पुढच्या गावची वाट धरत. मीही आटोपतं घेतो. तुमच्या शहरात नागरिकांच्या अर्जाची सोय असेल तर यंदा मुदत लागताच एक अर्ज भरा. नसेल तर वॉर्ड कार्यालयात साध्या कागदावर लिहून द्या, गावात असाल तर ग्रामसभेत उभे राहा. पण बाक मागू नका. संध्याकाळी सहा ते नऊ शाळेचं मैदान उघडं ठेवणारा एक माणूस मागा. टेबलापलीकडचा लेखापाल म्हणेल, तरतूद नाही. ते वाक्य त्याच्याकडून लेखी घ्या, पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या, आणि पुढच्या वर्षी तोच कागद जोडून पुन्हा अर्ज करा. टेबलाच्या त्याच बाजूला मी एकतीस वर्षं बसलो आहे, म्हणून सांगतो: एकदा आलेला अर्ज आम्ही विसरतो. तिसऱ्यांदा आलेल्या अर्जासाठी लेखाशीर्ष शोधावं लागतं.